बिल किती दिवसांनी पाठवावं? फ्रीलान्स काम करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिन्याला एक बिल, असा काही नियम आहे का?

नाही. पगार, भाडं, बँकेचे हप्ते आणि कंपन्यांचे हिशेब महिन्याच्या चाकोरीतून चालतात, म्हणून फ्रीलान्सरही न विचारता तीच चाकोरी धरतो. पण पगारदाराला महिना संपताच पैसे मिळतात. तुमचं मात्र महिना संपल्यावर फक्त बिल जातं आणि पैशांची वाट बघणं तिथून पुढे सुरू होतं.

महिन्याच्या १ तारखेला केलेलं काम बिलावर येतं तेव्हा ते ३० दिवस जुनं असतं, शेवटच्या दिवशी केलेलं अगदी ताजं. सरासरी काढली तर बिल निघेपर्यंत प्रत्येक काम १५ दिवस जुनं होतं. पंधरवड्याच्या बिलात ही सरासरी ७ दिवस, आठवड्याच्या बिलात साडेतीन दिवस. बिलांमधलं अंतर बदललं की नेमका हाच आकडा बदलतो, बाकीचे नाहीत. अंतर कमी केलं म्हणजे पैशांचा सगळा प्रश्न सुटला, असं समजू नका.

मग काम केल्यापासून पैसे हाती येईपर्यंत एकूण किती दिवस जातात, ते कसं मोजायचं?

पाच भाग वेगवेगळे लिहून काढा. कामाचं सरासरी वय, बिल तयार करून पाठवायला लागणारे दिवस, पैसे देण्यासाठी ठरलेली मुदत, मुदतीनंतरचा उशीर, आणि बँकेत रक्कम जमा व्हायला लागणारा वेळ. महिन्याच्या बिलाचं उदाहरण घेतलं तर १५ + ३ + ३० + ५ + २, म्हणजे ५५ दिवस. बाकी सगळं तसंच ठेवून बिल आठवड्यावर आणलं तर साधारण साडेत्रेचाळीस. साडेअकरा दिवस वाचले. आता बिल महिन्याचंच ठेवून मुदत ३० वरून १४ दिवसांवर आणली, तर १६ दिवस वाचतात.

म्हणून नव्या क्लायंटशी बोलताना एकच गोष्ट मागता येण्यासारखी असेल, तर आधी मुदत कमी करून मागा. दोन्ही मिळाल्या तर साडेसत्तावीस दिवस वाचतात, म्हणजे जवळजवळ महिन्याभराचा खर्च आधी हातात येतो.

यातला बिल पाठवायला लागणाऱ्या ‘३ दिवसां’चा भाग पूर्णपणे तुमच्या हातात आहे, आणि सगळ्यात जास्त ढिलाई तिथेच होते. महिना ३१ तारखेला संपला आणि बिल ९ तारखेला गेलं, तर ते नऊ दिवस तुम्ही क्लायंटला फुकट दिले.

माझ्यासाठी योग्य अंतर कोणतं, हे ठरवायचं कसं?

स्वतःला एक प्रश्न विचारा. हा क्लायंट उद्या एकही पैसा न देता गायब झाला, तर किती तासांचं काम बुडालेलं मला झेपेल?

त्या कमाल उधारीचा, म्हणजे पैसे हाती न येता देऊन झालेल्या कामाचा, हिशेब असा. बिलांमधलं अंतर, अधिक मुदत, अधिक मुदत उलटल्यावर काम थांबवण्याआधी तुम्ही जितके दिवस धीर धरता ते. समजा तुम्ही आठवड्याला २० तास काम करता. महिन्याचं बिल, ३० दिवसांची मुदत आणि १० दिवसांचा धीर धरला, तर ७० दिवस होतात. म्हणजे १० आठवडे, २०० तास. पहिलंच बिल बुडणार आहे हे तुम्हाला कळेपर्यंत २०० तासांचं काम देऊन झालेलं असतं. तेच आठवड्याचं बिल, १४ दिवसांची मुदत आणि ७ दिवसांचा धीर ठेवला तर २८ दिवस, ८० तास.

जो आकडा झेपतो, तिथून उलटं मोजत या. झेपणारं नुकसान १०० तासांचं असेल आणि क्लायंट ३० दिवसांची मुदत सोडायला तयार नसेल, तर आठवड्याला २० तासांच्या हिशेबाने तुमच्याकडे ३५ दिवस आहेत. त्यातले ३० मुदतीतच गेले. अशा वेळी आगाऊ रक्कम मागणं किंवा आठवड्याचे तास कमी ठेवणं, एवढेच मार्ग उरतात. बिलांचं अंतर कमी करून हे गणित जुळत नाही, आणि ते काम घेण्याआधीच कळलेलं बरं.

काम तासांवर असेल तर?

आठवडा किंवा पंधरवडा. कारण उधारीपेक्षाही आठवणीचं आहे. ‘मंगळवारी तीन तास’ यावर आठवड्याच्या आत कुणी शंका घेतली तर दोघांनाही नेमकं आठवतं. सहा आठवड्यांनी घेतली तर वाद होतो आणि बहुतेक वेळा तास कापून घेऊनच तो मिटतो. तासांची नोंद मात्र रोजची रोज करा. आठवड्याच्या शेवटी आठवून लिहिलेल्या नोंदीतून फोन, छोट्या दुरुस्त्या आणि ईमेलचे तुकडे गळतात.

पंधरवड्याच्या बिलात एक गोम आहे. दर १४ दिवसांनी बिल पाठवलं तर वर्षाला २६ बिलं होतात, महिन्यातून दोनदा पाठवलं तर २४. दर १४ दिवसांच्या पद्धतीत वर्षातल्या साधारण दोन महिन्यांत तीन-तीन बिलं पडतात. क्लायंटचं बजेट महिन्यावर बांधलेलं असेल, तर ते तिसरं बिल पाहून त्यांचा अकाउंट्स विभाग हमखास प्रश्न विचारतो. महिन्यावर चालणाऱ्या क्लायंटला १५ तारीख आणि महिनाअखेर हेच सोयीचं पडतं.

ठोक रकमेचं काम आहे. अर्धे आधी आणि अर्धे शेवटी, हे बरोबर ना?

दोन-तीन आठवड्यांचं काम असेल तर बरोबर. त्याहून लांबलेल्या कामात ही पद्धत धोक्याची आहे, कारण शेवटचे ५० टक्के क्लायंटच्या हातात ओलीस राहतात. मग ‘एवढं एक बदलून द्या, लगेच पैसे सोडतो’ हे चक्र सुरू होतं आणि नाही म्हणायला तुमच्याकडे काहीच जोर उरत नाही.

आठ आठवड्यांच्या कामासाठी चांगली विभागणी अशी: सुरुवातीला ३० टक्के, तिसऱ्या आठवड्याच्या टप्प्यावर ३०, सहाव्या आठवड्याच्या टप्प्यावर २५ आणि शेवटी १५. शेवटचा हप्ता मुद्दाम लहान ठेवायचा. काम पूर्ण करायला तुम्हाला कारण राहावं इतका मोठा, पण अडकला तर कंबर मोडू नये इतका लहान.

टप्प्यांची बिलं तीन कारणांनी अडतात. पहिलं, टप्पा नीट लिहिलेला नसतो. ‘डिझाइन पूर्ण झाल्यावर’ हा टप्पा नव्हे, कारण पूर्ण झालं की नाही हे क्लायंटच्या मनावर राहतं. ‘पाच पानांचा पहिला मसुदा पाठवल्यावर’ हा टप्पा आहे, तो तारखेनिशी दाखवता येतो. दुसरं, मंजुरी येतच नाही. त्यासाठी करारात एक वाक्य घाला: ‘मसुदा मिळाल्यापासून ७ कामकाजाच्या दिवसांत लेखी हरकत न आल्यास तो मंजूर समजला जाईल.’ तिसरं कारण सगळ्यात जास्त दिसतं. क्लायंटकडून मजकूर, फोटो किंवा पासवर्ड यायचा राहतो, काम थांबतं आणि टप्पाही पुढे ढकलला जातो. चूक त्यांची आणि बिल अडलं तुमचं. म्हणून प्रत्येक टप्प्यापुढे तारीखही लिहा: ‘हा टप्पा पूर्ण झाल्यावर किंवा अमुक तारखेला, जे आधी होईल ते.’ या एका ओळीचा फायदा बिलांचं अंतर कमी करण्यापेक्षाही मोठा असतो.

रिटेनरचं बिल महिन्याच्या सुरुवातीला की शेवटी?

सुरुवातीला, आणि पैसेही आगाऊ. रिटेनर म्हणजे तुमचा वेळ राखून ठेवण्याची दरमहाची ठरलेली किंमत. महिना उलटून गेल्यावर पैसे मागितले की लोक ‘किती काम झालं’ ते मोजायला लागतात आणि रिटेनरचं पुन्हा तासांचं काम होऊन बसतं. बिल आधीच्या महिन्याच्या २० ते २५ तारखेदरम्यान पाठवा, देय तारीख १ लिहा. ठरलेल्या तासांपेक्षा जास्त झालेलं काम महिनाअखेर वेगळ्या बिलावर घ्या. न वापरलेले तास पुढे जातील की नाही, हे पहिल्याच बिलाआधी लिहून ठरवा. जाणार असतील तर पुढच्या एकाच महिन्यापर्यंत. नाहीतर वर्षाच्या शेवटी चार महिन्यांचं साठलेलं काम एकदम अंगावर येतं.

महिन्याच्या अधेमधे सुरुवात झाली तर पहिलं बिल उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात करा आणि दुसऱ्या महिन्यापासून १ तारीख धरा.

छोटी-छोटी कामं सतत येतात. प्रत्येकाचं वेगळं बिल करू का?

एकदाच काम देणाऱ्या क्लायंटचं बिल झालेलं काम सोपवतानाच पाठवा, त्याच ईमेलमध्ये. कामाची गरज भागली की बिल पुढे सरकवायची घाई कुणालाच राहत नाही. नेहमीच्या क्लायंटची छोटी कामं एकत्र करा, पण दोन मर्यादा घालून: एक ठरावीक रक्कम भरली की बिल, आणि रक्कम भरली नाही तरी महिनाअखेर बिल. नुसती रकमेची मर्यादा ठेवली तर दोन कामं देऊन शांत झालेल्या क्लायंटचे पैसे कायमचे मागे राहतात.

नवीन क्लायंटबरोबर वेगळं काही करायचं का?

हो. पहिलं बिल शक्य तितकं लवकर आणि शक्य तितकं छोटं पाठवा. त्यातून त्यांची पैसे देण्याची वाट तपासून होते. पुरवठादार म्हणून तुमची नोंदणी झाली आहे का, बँकेचा तपशील बरोबर चढला आहे का, बिल कोण मंजूर करतं, कोणत्या पत्त्यावर पाठवायचं, हे सगळं पहिल्या बिलावेळीच उघड होतं. महिन्याभराचं काम करून पाठवलेलं पहिलं बिल ‘तुमची नोंदणीच झालेली नाही’ म्हणून परत येतं, तेव्हा दुसऱ्या महिन्याचंही निम्मं काम होऊन गेलेलं असतं.

पहिली तीन बिलं आठवड्याची, ती वेळेवर आली तर नंतर पंधरवड्याची किंवा महिन्याची, असं सुरुवातीलाच सांगितलेलं कुणी मनाला लावून घेत नाही. छोट्या अंतरावरून मोठ्यावर जाणं सोपं असतं. उलटं जाताना क्लायंटला आपल्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं.

मोठी कंपनी आहे, पेमेंट महिन्यातून एकदाच करते. मग मी दर आठवड्याला बिल पाठवून उपयोग काय?

पैसे लवकर यावेत म्हणून पाठवत असाल, तर फारसा उपयोग नाही. मोठ्या कंपन्या ठरलेल्या दिवशी एकगठ्ठा पेमेंट सोडतात आणि त्याच्या काही दिवस आधी बिलं घेणं बंद करतात. समजा पेमेंट २५ तारखेला होतं आणि त्या महिन्यासाठी बिलं १८ पर्यंतच घेतली जातात. १९ ला पोहोचलेलं बिल थेट पुढच्या २५ ला जातं. एका दिवसाच्या उशिराला ३० दिवसांचा दंड. अशा ठिकाणी दर आठवड्याला एक अशी महिन्याला चार बिलं पाठवण्यापेक्षा दर महिन्याच्या १६ तारखेला एक बिल पाठवणं कितीतरी शहाणपणाचं. तुमचा ‘महिना’ १६ ते १५ असा धरा, १ ते ३१ धरलाच पाहिजे असं कुठे आहे?

यासाठी अकाउंट्स विभागाला चार प्रश्न विचारा. पेमेंट कोणत्या दिवशी सोडता? त्यासाठी बिल कधीपर्यंत यायला हवं? मुदत बिलाच्या तारखेपासून मोजता की बिल मंजूर झाल्यापासून? पर्चेस ऑर्डरचा (कंपनीने कामासाठी काढलेल्या लेखी खरेदी-आदेशाचा) नंबर लागतो का? तुम्हाला काम देणाऱ्या माणसाला बहुधा याची उत्तरं माहीत नसतात, म्हणून अकाउंट्सशी थेट बोलण्याची परवानगी त्याच्याकडून मागून घ्या.

पर्चेस ऑर्डरचं विशेष जपा. अनेक कंपन्यांत बिल तीन कागदांशी ताडून पाहतात: ऑर्डर, काम मिळाल्याची नोंद आणि तुमचं बिल. तिन्हींतली रक्कम आणि वर्णन जुळलं नाही तर बिल बाजूला पडतं, आणि अनेकदा तुम्हाला कळवलंही जात नाही. शिवाय ऑर्डरची एकूण रक्कम संपत आली की पुढचं बिल आपोआप अडतं. ८० टक्के रक्कम वापरून झाली की नवी ऑर्डर मागायला लागा.

तरीही आठवड्याच्या बिलाचा एक फायदा मोठ्या कंपनीतही मिळू शकतो. व्यवस्थापकाला ठरावीक रकमेपर्यंतच एकट्याने सही करता येते, वरची रक्कम वरिष्ठांकडे जाते. त्या मर्यादेतली बिलं एकाच सहीवर सुटतात. पण मुळातलं एकच काम केवळ सही चुकवण्यासाठी तोडून पाठवू नका. बहुतेक कंपन्यांच्या नियमांत ते बसत नाही आणि त्याचा त्रास तुम्हाला काम देणाऱ्याला होतो.

‘३० दिवस’ नेमके कुठून मोजायचे?

लिहिलं नसेल तर प्रत्येकजण आपल्याला सोयीचं मोजतो. बिलाच्या तारखेपासून, बिल मिळाल्यापासून, मंजुरीपासून किंवा ज्या महिन्यात बिल आलं त्या महिन्याच्या अखेरीपासून, असे चार प्रकार दिसतात. शेवटचा प्रकार जपून घ्या. तिथे ३१ तारखेच्या बिलाचे पैसे ३० दिवसांनी देय होतात आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे १ तारखेला, काढलेल्या बिलाचे जवळजवळ ६० दिवसांनी. अशा क्लायंटचं बिल महिना संपण्याआधी जाणं, ही सगळ्यात स्वस्त सुधारणा.

बिलावर ‘३० दिवस’ एवढंच लिहू नका, देय तारीख दिवस-महिना-वर्षासह लिहा. तारीख लिहिली की मोजणीचा वाद उरत नाही.

सारखी बिलं पाठवली तर क्लायंटला मी पैशाला चिकट वाटेन का?

ही भीती खरी आहे आणि तिच्यापायी लोक स्वतःचं बरंच नुकसान करून घेतात. त्रास बहुधा बिलांच्या संख्येने होत नाही, अनपेक्षितपणाने होतो. दर सोमवारी येणारं छोटं बिल लोकांच्या सवयीचं होतं. तीन महिने काही न पाठवता अचानक आलेलं मोठं बिल मात्र क्लायंटला दचकवतं, त्याचं बजेट विस्कटतं, आणि मग प्रत्येक ओळीवर प्रश्न येतात.

सांगताना माफीच्या सुरात सांगू नका. एवढं पुरे: ‘माझी बिलं दर पंधरवड्याला, १५ आणि महिनाअखेरीला येतात. मुदत १४ दिवस. तुमच्या पेमेंटच्या तारखा वेगळ्या असतील तर सांगा, त्यांच्याशी जुळवून घेऊ.’ काम सुरू होण्याआधी हे ईमेलवर जाऊ द्या.

पण इतकी बिलं करण्यातच माझा वेळ जाईल त्याचं काय?

जाईल, आणि तो हिशेबात धरायलाच हवा. एका बिलाला तयार करणं, पाठवणं, पैसे आले का बघणं आणि नोंद करणं मिळून २० मिनिटं धरा. चार क्लायंटना दर आठवड्याला म्हणजे वर्षाला २०८ बिलं, जवळजवळ ७० तास. महिन्याला एक म्हणजे ४८ बिलं, १६ तास. या पन्नासहून जास्त जादा तासांच्या बदल्यात उधारी किती कमी झाली ते बघा. जुन्या, वेळेवर पैसे देणाऱ्या क्लायंटसाठी हा सौदा बहुधा तोट्याचा. म्हणून सगळ्यांना एकच अंतर लावण्याचा हट्ट नको.

वेळ वाचवायचा तर बिलाचा साचा एकदा नीट करा, क्रमांक आपोआप पुढे जाईल असं बघा, आणि सगळ्यांची बिलं एकाच दिवशी, एकाच बैठकीत काढा. ठोक रिटेनरची बिलं आपोआप जाऊ देत. तासांची बिलं मात्र नजरेखालून गेल्याशिवाय पाठवू नका. चुकीचं बिल मागे घेऊन क्रेडिट नोट (ती रक्कम वजा केल्याचा कागद) काढणं आणि नवं पाठवणं, यात २० मिनिटांचे दोन तास होतात.

परदेशातल्या क्लायंटसाठी?

तिथे प्रत्येक व्यवहाराचा खर्च बघून अंतर ठरतं. बँक दर व्यवहाराला ठरावीक शुल्क घेत असेल आणि ते आठवड्याच्या बिलाच्या २ टक्के होत असेल, तर महिन्याच्या बिलावर ते साधारण अर्धा टक्काच पडतं. शुल्क टक्केवारीत असेल तर अंतराने काहीच फरक पडत नाही. ठरावीक शुल्क असेल आणि क्लायंट भरवशाचा असेल, तर महिन्याचं बिल घ्या. भरवसा बसलेला नसेल तर शुल्क सोसा, आठवडा किंवा पंधरवडाच ठेवा. वाटेतल्या बँकांचं शुल्क कोण भरणार, हे लिहून घ्या. नाहीतर बिलापेक्षा थोडी कमी रक्कम जमा होते आणि ते बिल हिशेबात कायम अर्धवट राहतं.

एकाच क्लायंटची दोन कामं चालू आहेत. एकच बिल चालेल?

चालेल, पण करू नका. एका कामातल्या एका ओळीवर आक्षेप आला की पूर्ण बिल अडतं. वेगळी बिलं असली तर वाद नसलेले पैसे सुटतात. प्रवास, छपाई, सॉफ्टवेअर असे परत मिळायचे खर्चही याच कारणाने वेगळ्या बिलावर ठेवा. पावती जोडायची राहिली म्हणून तुमची फी थांबू नये. स्वतःच्या खिशातून केलेल्या मोठ्या खर्चासाठी महिन्याची वाट बघायचीच नाही, त्याच दिवशी बिल.

लवकर पैसे दिले तर सवलत द्यावी का?

‘१० दिवसांत दिल्यास २ टक्के सूट, नाहीतर ३० दिवसांत पूर्ण’ अशी अट व्यापारात जुनी आहे. ९८ मिळण्याची वाट २० दिवस टळावी म्हणून तुम्ही २ सोडता. वर्षाच्या हिशेबात हे सुमारे ३७ टक्के व्याज झालं. तेवढ्या महागात पैसे उचलण्याची वेळ खरंच आली असेल तरच ही सवलत द्या. वर काही क्लायंट ३० व्या दिवशी पैसे देतात आणि सूटही कापून घेतात. मुदत कमी करणं किंवा आगाऊ रक्कम घेणं जवळजवळ नेहमी जास्त परवडतं.

कराचा या सगळ्याशी संबंध येतो का?

येतो. काही करपद्धतींत बिल काढलं की कर देय होतो, काहींत पैसे आल्यावर. पहिल्या प्रकारात ६० दिवसांच्या मुदतीचं बिल काढलं, तर क्लायंटने पैसे देण्याआधीच त्याच्यावरचा कर तुमच्या खिशातून जाऊ शकतो. तिथे टप्प्यांची मोठी बिलं कर भरण्याच्या कालावधीच्या शेवटच्या दिवशी निघू नयेत एवढं बघा. पण बिल मुद्दाम मागच्या-पुढच्या तारखेचं करू नका. किती दिवसांत बिल काढायचं आणि क्रमांक कसे द्यायचे, याचे नियम असतात. तुमच्यावर कोणती पद्धत लागू आहे, ते सल्लागाराला एकदा विचारून घ्या.

कायदा काही मुदत ठरवतो का?

अनेक ठिकाणी. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशानुसार दोन व्यवसायांमध्ये मुदत ठरलेली नसेल तर ३० दिवस धरतात, आणि स्पष्ट कराराशिवाय ६० च्या पुढे जाता येत नाही. न्यू यॉर्क शहरात २०१७ पासून लागू असलेल्या फ्रीलान्सरांच्या कायद्यात, तारीख ठरली नसेल तर काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवस आहेत. भारतात २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याखाली नोंदणी केलेल्या सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराशी ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत ठरवता येत नाही. हे आकडे म्हणजे कमाल मर्यादा किंवा काहीच न ठरल्यास लागू होणारी मुदत. त्याहून कमी मागायला कुठेच बंदी नाही.

मागचं बिल थकलंय. पुढचं पाठवू की थांबू?

ठरल्या दिवशीच पाठवा. थांबलात तर ‘यालाही घाई दिसत नाही’ असाच अर्थ घेतला जातो. जुनी बाकी नव्या बिलात मिळवू नका. त्याने जुन्या रकमेला नवी देय तारीख मिळते आणि हिशेबात तीच रक्कम दोनदा दिसते. नवं बिल वेगळं आणि सोबत थकबाकीचं एक पानी स्टेटमेंट: बिल क्रमांक, तारीख, देय तारीख, रक्कम, किती दिवस उशीर.

आठवण करून देण्याचा क्रमही बिलांच्या अंतराइतकाच ठाम ठेवा. देय तारखेच्या ३ दिवस आधी सौम्य आठवण, देय तारखेनंतर तिसऱ्या दिवशी ईमेल, सातव्या दिवशी फोन, आणि धीराचे दिवस संपले की काम थांबवल्याची लेखी सूचना. काम थांबवण्याचा हक्क करारात आधीच लिहिलेला हवा.

जुन्या क्लायंटला महिन्यावरून पंधरवड्यावर कसं आणू?

कराराचं नूतनीकरण, दरवाढ किंवा नव्या कामाची सुरुवात, यांपैकी एक मुहूर्त धरा. मधल्या काळातच बदलायचं असेल तर एक पूर्ण महिना आधी कळवा. बदलाच्या वेळी सगळ्यात जास्त चुका कालावधीत होतात. १ ते ३१ चं जुनं बिल आणि १६ ते ३१ चं नवं बिल, असे सोळा दिवस दोनदा लागतात आणि भरवशाला तडा जातो. म्हणून प्रत्येक बिलावर ‘कामाचा कालावधी: या तारखेपासून या तारखेपर्यंत’ ही ओळ हवीच. बदलाचं पहिलं बिल पाठवण्याआधी मागच्या बिलाची शेवटची तारीख काढून बघा आणि त्याच्या पुढच्या दिवसापासून सुरुवात करा.

काम मधेच थांबलं, क्लायंट ‘नंतर बघू’ म्हणतोय. बिल कधी?

त्याच आठवड्यात. झालेल्या कामाची यादी, तास किंवा टप्प्याचा किती भाग झाला ते, आणि हातात असलेल्या फायलींची नावं एका ईमेलमध्ये लिहून कळवा आणि सोबत तिथपर्यंतचं बिल जोडा. करारात यासाठी एक कलम ठेवा: क्लायंटकडून १४ दिवस प्रतिसाद आला नाही तर काम स्थगित धरलं जाईल आणि तोवरच्या कामाचं बिल लगेच देय होईल. स्थगित काम पुन्हा सुरू करताना नवं वेळापत्रक आणि नवी आगाऊ रक्कम घ्या. जुनी आगाऊ रक्कम झालेल्या कामात जिरलेली असते, आणि ती किती जिरली हे त्या स्थगितीच्या बिलावर दिसलं पाहिजे.